दोन औषधे एकत्र दिली म्हणून गुण दुप्पट येत नाही

कर्करोगावरील संयुक्त उपचारांची बातमी येते तेव्हा तिच्यात बहुधा एकच आकडा ठळक असतो: ‘मृत्यूचा धोका इतक्या टक्क्यांनी घटला’. प्रोस्टेट ग्रंथीच्या, शरीरात इतरत्र पसरलेल्या कर्करोगासंबंधी २०२२ मध्ये अशीच बातमी आली होती. ‘अ‍ॅरासेन्स’ या चाचणीतील सुमारे १,३०० रुग्णांपैकी निम्म्यांना संप्रेरकरोधक उपचार आणि डोसेटॅक्सेल ही केमोथेरपी मिळाली. उरलेल्यांना त्या दोहोंसोबत डॅरोल्युटामाइड हे तिसरे औषध देण्यात आले. धोका ३२.५ टक्क्यांनी घटला. हाच निष्कर्ष दुसऱ्या रीतीनेही सांगता येतो: चार वर्षांनंतर पहिल्या गटात शंभरांपैकी ५० जण हयात होते, दुसऱ्या गटात ६३. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु ज्या घराला औषधाचे बिल भरायचे आहे, त्याला दुसरे विधान अधिक उपयोगी पडते. आणि त्या घराचा खरा प्रश्न तर बातमीत येतच नाही: इतकी औषधे, इतक्या मात्रेत आणि एकाच वेळी घेणे आवश्यक आहे, हे कोणी तपासले आहे काय?

या उपचारांचा पाया जुना आहे. प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर पोसला जातो आणि ते रोखल्यास तो ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ओसरलेला रोग कालांतराने परततो. काही पेशी अल्प संप्रेरकावर जगावयास शिकतात, काही ते स्वतःच तयार करू लागतात. म्हणून एकाच वेळी दोन वाटा अडवण्याची कल्पना पुढे आली, आणि ती फळालाही आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चार्टेड’ चाचणीत संप्रेरकरोधक उपचारांना प्रारंभीच डोसेटॅक्सेलची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान ४४ महिन्यांवरून सुमारे ५८ महिन्यांवर गेले. २०१७ मध्ये अबिराटेरॉनच्या जोडीनेही आयुष्य वाढते, हे दोन मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले.

तथापि यशाच्या या यादीशेजारी अपयशाची यादीही वाचली पाहिजे. अबिराटेरॉन संप्रेरकाची निर्मिती रोखते, एन्झाल्युटामाइड ते पेशीत जेथे जोडले जाते ती जागा अडवते. दोन्ही स्वतंत्रपणे परिणामकारक आहेत. तेव्हा एकत्र दिल्यास अधिक लाभ व्हावा, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेत १,३११ रुग्णांवर हे तपासले गेले. आयुष्य वाढले नाही; दुष्परिणाम मात्र वाढले. रेडियम-२२३ हे हाडांत साठणारे किरणोत्सारी औषध अबिराटेरॉनसोबत देऊन पाहिले, तेव्हा हाडे मोडण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनविषयी तर केवढी आशा होती! स्वस्त, परिचित, आणि प्रयोगशाळेतील पेशींवर परिणाम दाखवणारे औषध. ब्रिटनमधील ‘स्टॅम्पीड’ या दीर्घ चाचणीत त्याने एकंदर रुग्णांचे आयुष्य लक्षणीयरीत्या वाढवले नाही.

भौतिकशास्त्रात दोन लहरी एकमेकींवर आल्या की त्यांची सरळ बेरीज करता येते. शरीरात ती सोय नाही. दोन औषधे एकमेकांना पूरक ठरू शकतात, एकच काम दोनदा करू शकतात, किंवा एकमेकांची हानी वाढवू शकतात. तर्काने त्यांतील कोणते घडेल हे सांगता आले असते, तर चाचणीची गरजच उरली नसती.

येथून भारताचा प्रश्न सुरू होतो. बंगळुरूच्या जे. पी. नगरसारख्या वस्तीत मुलाकडे उपचारांसाठी येऊन राहिलेले बेळगाव-धारवाडकडील वडीलधारे काही दुर्मीळ नाहीत. अशा घराला ‘तीन औषधे एकत्र’ हा सल्ला मिळतो, तेव्हा त्यामागचा पुरावा बव्हंशी परदेशी रुग्णांचा असतो आणि मात्रा उत्पादक कंपनीने ठरवलेली असते. ती मात्रा कमी करता येईल का, हे शोधण्यात त्या कंपनीचे हित नसते. म्हणून तो प्रश्न सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थांनीच विचारावयास हवा.

अबिराटेरॉनचेच उदाहरण घ्यावे. अधिकृत मात्रा रोज १,००० मिलिग्रॅम, तीही उपाशीपोटी. कारण स्निग्ध जेवणासोबत घेतल्यास हेच औषध रक्तात सुमारे दहापट शोषले जाते. मग चौथा हिस्सा मात्रा जेवणासोबत दिली तर? अमेरिका व सिंगापूर येथे ७२ रुग्णांवर हे करून पाहिले. अल्पाहारासोबतच्या २५० मिलिग्रॅमचा पीएसए या रक्तचाचणीवरील परिणाम पूर्ण मात्रेपेक्षा उणा ठरला नाही. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परंतु ७२ ही संख्या लहान आहे, आणि पीएसए उतरणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे. शिवाय त्या चाचणीतील न्याहारी कमी स्निग्धांशाची होती. आपल्याकडे एके दिवशी पोहे, दुसऱ्या दिवशी तुपातला शिरा. शोषणातील हा चढउतार किती, हे येथील ताटावरच मोजले पाहिजे. तोवर कोणीही डॉक्टरांना न विचारता मात्रा बदलू नये, हे वेगळे सांगावयास नको.

असे काम आपल्याकडे होऊ शकते, याचा दाखला मुंबईत आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक संयुक्त उपचार तपासला. तोंडावाटे घ्यावयाच्या तीन स्वस्त औषधांना निव्होलुमॅबची जोड दिली, पण दर तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम. प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेशी ही तुलना नव्हती, हे लक्षात ठेवावे. तरीही ज्यांना पूर्ण मात्रा कधीच परवडणार नव्हती, त्यांच्यासाठी नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे: गरिबांसाठी कमी मात्रा, हा दुय्यम उपचारांचा सभ्य शब्द तर नव्हे? तसे होऊ शकते. म्हणूनच चाचणी हवी. आज पैसे संपले की गोळ्या दिवसाआड घेतल्या जातात, एखादे औषध मध्येच सुटते. हाही एक प्रयोगच आहे. फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि त्यात भाग घेणाऱ्याची संमती कोणी घेतलेली नाही.

‘स्टॅम्पीड’ने २००५ पासून एकाच आराखड्यात अनेक उपचार तपासले. निरुपयोगी ठरणारे मध्येच थांबवले, नवे जोडले, आणि सुमारे १२ हजार रुग्णांना सामावून घेतले. भारतात २०१२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय कर्करोग ग्रिड आहे. परळचे टाटा मेमोरियल आणि बंगळुरूची किदवई संस्था दोन्ही तिच्यात आहेत. अबिराटेरॉनची अल्प मात्रा, डोसेटॅक्सेल आणि वृषणे काढण्याची एकदाच करावयाची स्वस्त शस्त्रक्रिया यांची कोणती जोडी किती आयुष्य देते, किती हाडे मोडते आणि किती खर्चाला पडते, हे अशा जाळ्यातून शोधता येईल. उत्तर नकारार्थी आले, तरी ते प्रसिद्ध व्हावे. एखादी जोडी निरुपयोगी आहे हे कळले, की हजारो घरांचा तेवढा खर्च आणि तेवढा त्रास वाचतो.

भारतातील चाचण्यांची नोंद २००९ पासून सार्वजनिक नोंदवहीत सक्तीची आहे आणि ती कोणालाही पाहता येते. पुढील वेळी नव्या संयुक्त उपचाराची बातमी वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात: तुलना कशाशी केली, शंभरांतील किती जणांना अधिक आयुष्य मिळाले, आणि कमी औषधात तेच साधते का हे कोणी पाहिले आहे काय. तिसऱ्याचे उत्तर बहुधा मिळणार नाही. ते मिळवण्याची जबाबदारी आपल्या विज्ञानाची आहे.