सोंड्याची नक्कल कोण फाडणार?

वाडी-शिवार / मळेकरी

बुदय्याच्या रस्त्यालगत खजुराची एक जुनी वाडी आहे. तिची राखण करणारे चाचा रत्नागिरीकडचे. बहारीनमध्ये त्यांची पंचवीसेक वर्षं गेली, पण बोलणं अजून मिऱ्या बंदरावरचंच. गेल्या शुक्रवारी ते मला एका झाडापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "कान लावा, भाऊ."

लावला. आत कुणीतरी सावकाश ऊस चावत बसलंय, असा आवाज. खोडाच्या एका भोकातून तपकिरी चीक ओघळला होता, त्याला चोथा चिकटलेला, आणि वास आंबलेल्या ताडीसारखा. वर मात्र झावळ्या हिरव्यागार. "काही दिवस असाच हिरवा दिसेल," चाचा म्हणाले, "मग एक दिवस शेंडा कलंडायचा. आमच्या माडांना लागतो ना, तोच हा. सोंड्या."

तोच. कोकणातल्या माडकऱ्याला लाल सोंड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. गेंड्या भुंगा शेंड्यात भोक पाडतो आणि त्या जखमेच्या वासावर मागून सोंड्या येतो. मादी दोन-तीनशे अंडी घालते, अळ्या गाभा खात आत शिरतात, आणि मालकाला कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. दक्षिण आशिया हे या किड्याचं मूळ घर. 1980 च्या दशकाच्या मध्याला तो रोपांच्या व्यापारातून आखातात उतरला. आपली बाकीची माणसं इथे व्हिसासाठी खेटे घालत होती तेव्हा हा पठ्ठ्या थेट मळ्यात पोचला. पुढे तो भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत गेला, आणि मार्च 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेला खास त्याच्यासाठी रोममध्ये बैठक बोलवावी लागली.

बहारीनला एकेकाळी दहा लाख खजुरांचा देश म्हणत. गोड्या पाण्याचे झरे आटले, विहिरींना खारेपणा चढला, वाड्यांवर इमारती उठल्या. 2019 मध्ये युनेस्कोने खजुराशी जोडलेल्या ज्ञानाला आणि चालीरीतींना वारशाच्या यादीत घेतलं, त्यात बहारीनचंही नाव आहे. वारशाची यादी सोंड्या वाचत नाही.

चाचांनी मला विचारलं होतं की पेपरात ते जनुक गप्प करणारं औषध येतं म्हणतात, ते इथे कधी येणार? या प्रश्नाचं खरं उत्तर शास्त्रज्ञाकडे नाही, हिशेबनिसाकडे आहे. पण आधी औषध समजून घेऊ.

जनुक म्हणजे तलाठ्याच्या दफ्तरातला मूळ उतारा समजा. मूळ कागद दफ्तराबाहेर जात नाही, कामाला जाते ती नक्कल. पेशीतही तसंच आहे. जनुकाची आरएनए नावाची नक्कल निघते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होतं. आता त्याच मजकुराचा दुहेरी धाग्याचा आरएनए बाहेरून किड्याच्या पोटात गेला, तर पेशीला तो विषाणूचा वाटतो. ती त्याचे बारीक तुकडे करते आणि ते तुकडे हातात धरून जुळणारी प्रत्येक नक्कल शोधून फाडत सुटते. दफ्तर शाबूत राहतं, काम मात्र बंद पडतं. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी हे 1998 मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवलं आणि 2006 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मजकूर त्या किड्याच्या जनुकाशीच जुळावा असा निवडता येतो, त्यामुळे मधमाशी वाचवून शत्रू मारता येईल, ही या औषधाची खरी मोहिनी.

बाजारात ते पोचलंही आहे. मक्याच्या मुळं खाणाऱ्या अळीवर असा आरएनए स्वतःच बनवणाऱ्या मक्याला अमेरिकेने 2017 मध्ये परवानगी दिली. तिथल्याच ग्रीनलाइट बायोसायन्सेस कंपनीचं 'कॅलँथा' हे फवारणीचं औषध डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झालं. ते बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी आहे. भुंगेऱ्याच्या पेशीतला कचरा निस्तरणारी यंत्रणा ते बंद पाडतं आणि तो स्वतःच्याच उकिरड्यात मरतो. झाडाच्या जनुकांना हात लागत नाही. एकराला काही ग्रॅम पुरतात. पण धंद्याची बाजू पाहा. हीच कंपनी 2022 मध्ये गाजावाजा करत शेअर बाजारात आली आणि 2023 मध्ये 30 सेंटला एक शेअर या भावाने विकली गेली.

आता ही दोन्ही औषधं कुणावर आहेत ते बघा. दोन्ही भुंगेऱ्यांवर. हा योगायोग नव्हे. भुंगेऱ्यांच्या पोटात हा आरएनए बऱ्यापैकी टिकतो, पतंगवर्गातल्या अळ्या तो पचवून टाकतात. म्हणून विदर्भातल्या बोंडअळीवर हा उपाय अवघड जातो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घाटेअळीवर असे प्रयोग झाले आहेत, त्यांचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले, पण प्रयोगशाळेपासून शिवार लांब आहे. सोंड्या मात्र भुंगेरा. जातीने तो या औषधाला चालण्यासारखा आहे, म्हणूनच चाचांचा प्रश्न भाबडा नव्हता.

रियाधच्या किंग सौद विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये सोंड्याची वास घेण्याची यंत्रणाच अशा आरएनएने गप्प केली. भुंगे एकमेकांना बोलावतात त्या गंधाला ते पूर्वीसारखे प्रतिसाद देईनात. पण आरएनए सुईने टोचणं वेगळं आणि वाडीत देणं वेगळं. बटाट्याचा भुंगेरा पानावर उघडा बसतो, त्याच्यावर फवारा मारता येतो. सोंड्याची अळी खोडाच्या पोटात असते. औषध खोडात टोचायचं, ते गाभ्यापर्यंत पोचवायचं, तिथे टिकवायचं आणि अळीच्या पोटातल्या पाचकांतूनही वाचवायचं. क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने 2017 मध्ये आरएनए मातीच्या अतिसूक्ष्म पत्र्यांवर बसवून पानावर वीस दिवस संरक्षण मिळवून दाखवलं. पण तेही पानावर, आणि विषाणूविरुद्ध.

आणखी एक गुंता. वाडीत भुंगे पकडायला जी बादली लटकते ती याच वासाच्या भरवशावर. बाहेरून गोणपाट, बाजूंना भोकं, आत गंधाची पुडी आणि भिजवलेला खजूर. भुंग्याचं नाकच बंद केलं तर त्याला माड सापडणार नाही हे खरं, पण बादलीही सापडणार नाही.

हे सगळं सुटण्यासारखं आहे. सुटत नाही ते गिऱ्हाईक नसल्यामुळे. कंपनी नुकसान मोजत नाही, एकर मोजते. अमेरिकेतला मका कोट्यवधी एकरांवर आहे. बहारीनच्या वाड्या एका दुपारी मोटारीने बघून होतात, आणि कोकणातला माडकरी दहा-वीस झाडांचा धनी. त्यांच्यासाठी कोणी परवान्याचा खर्च करणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं की सोंड्यावरचं औषध कंपनीच्या दारात उभं राहून मागण्यात अर्थ नाही. आखाताकडे पैसा आहे, रियाधकडे काम आहे, आणि रत्नागिरीजवळ भाट्ये इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, जिथे हा किडा पिढ्यान्‌पिढ्या घरचा आहे. सार्वजनिक पैशातून या तिघांनी मिळून ते करावं आणि सूत्र कुणाच्या तिजोरीत जाऊ देऊ नये.

घाईही नको. कोलोरॅडो भुंगेऱ्यात प्रयोगशाळेत मोजक्या पिढ्यांत या आरएनएला हजारो पटीची प्रतिकारशक्ती आलेली 2021 मध्येच नोंदली गेली आहे. 2002 मध्ये बीटी कापूस आला तेव्हाही एकच बंदूक सगळ्यांच्या हाती दिली होती. गुलाबी बोंडअळी तिला सरावली, आणि 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषारी फवारणीने वीसच्या आसपास माणसं गेली. बादली, वेळेवर तपासणी, जखमा लिंपणं हे चालू ठेवून त्यात आरएनए मिळवायचा, त्यांच्या जागी आणायचा नाही.

हे मी चाचांना सांगत होतो तेव्हा ते बादली उपडी करत होते. चार भुंगे निघाले. एकेक चिमटीत धरून ते सोंडेकडे बघत होते. नराच्या सोंडेवर केसांचा झुपका असतो. "तीन माद्या," म्हणाले. आवाज येणारं झाड आता पाडायचं, तुकडे करून पुरायचं. त्याच्या जागी लावायला गोणपाटात गुंडाळलेला एक फुटवा कालच आला होता, दुसऱ्या कुणाच्या वाडीतून. चाचांनी तो उचलला, बुंध्याला दोन टिचक्या मारल्या आणि डोळे मिटून कान लावला.