पेन्शन बाईंची, शाळा सगळ्यांची

मार्च 2023 मधली गोष्ट. आमच्या बचतगटाची महिन्याची बैठक होती. शिक्षकांचा आणि सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू होऊन चार दिवस झाले होते. पोरं घरात, नुसता धुडगूस! मग काय, हिशेबाची वही राहिली बाजूला आणि संपावरच जुंपली. "एवढा पगार घेतात, आणि वर म्हातारपणी बसून पैसे हवेत यांना!" एक जण तावातावाने म्हणाली. तिच्या नवऱ्याची पानटपरी आहे. त्याला कोण पेन्शन देणार?

आमच्या गटात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाईही आहेत. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चहाला न थांबता उठून गेल्या. मला ते फार लागलं. खरं सांगते मैत्रिणींनो, तोवर मीही मनातून टपरीवालीच्याच बाजूची होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाईंकडे गेले. त्यांनी काही भाषण दिलं नाही, फक्त आपली नोकरी सांगितली. 2006 मध्ये त्या शिक्षणसेवक म्हणून लागल्या. महिना 3000 रुपये, तेही तीन वर्षं. वर्ग तेवढाच, जनगणना तेवढीच, निवडणुकीची ड्युटी तेवढीच. पुढे कायम झाल्या, पण 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. जुन्या पद्धतीत निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम ठरलेली असायची, आणि माणूस गेला तर मागे नवऱ्याला किंवा बायकोला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळायचं. नव्या पद्धतीत पगारातून 10 टक्के कापायचे, सरकारने आपला वाटा घालायचा, पैसे बाजारात गुंतवायचे आणि शेवटी जे काय निघेल ते आपलं. एकाच शाळेत शेजारी शेजारी खुर्च्या, पण एकीला पेन्शन नि दुसरीला नाही.

त्यांच्या केंद्रातले एक गुरुजी चाळिशीतच गेले. त्यांच्या बायकोला दर महिन्याला हातात येईल असं काहीच नव्हतं. त्या आता शिवणकाम करतात. नव्या योजनेतल्या माणसाच्या घरच्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन द्यायचं, हे राज्य सरकारने ठरवलं ते मार्च 2023 मध्ये. म्हणजे योजना सुरू झाल्यावर सतरा वर्षांनी! पेन्शन हा "त्या नोकरदारांचा" विषय आहे असं मला वाटायचं. तो मागे राहणाऱ्या बाईचाही आहे, हे त्या दिवशी ध्यानात आलं.

पण मला जास्त कौतुक वाटलं ते या लोकांनी आपलं म्हणणं मुंबईपर्यंत कसं पोचवलं याचं. डिसेंबर 2022 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. लगेच जानेवारीत विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघांच्या निवडणुका आल्या. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा गाजली. नागपुरात दोनदा निवडून आलेले, भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार पडले आणि सुधाकर अडबाले निवडून आले. मार्चमध्ये संप झाला. सात दिवसांनी तो मिटला तो समिती नेमल्यावर. 2005 च्या आधी जाहिरात निघाली पण नेमणूक नंतर झाली, अशांना जानेवारी 2024 मध्ये जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राची एकीकृत पेन्शन योजना राज्याने स्वीकारली. त्यात 25 वर्षं सेवा झाली तर निम्म्या मूळ पगाराची हमी आहे. ही काही जुनी पेन्शन नव्हे, तरीपण "दिवाळखोरी" पासून इथवर आले की नाही?

याच्यात एक मेख आहे, ती मला बाईंनीच सांगितली. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार असतात, पण त्यांना मत देता येतं फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. आपल्या पोरांना अ, आ, इ शिकवणाऱ्या प्राथमिकच्या बाईंना ते मतच नाही! मला हे पन्नाशीला टेकल्यावर कळलं, आणि मी बी. ए. ला राज्यशास्त्र घेतलं होतं.

आता माझी तक्रार. त्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत. त्यांचं मानधन 2023 मध्ये वाढून 2500 झालं, तेही वर्षाचे 10 महिनेच. मुलींच्या संडासात पाणी नाही. मी बाईंना म्हटलं, हेही तुमच्या निवेदनात घाला ना. त्यांनी संघटनेच्या तालुका बैठकीत विषय काढला, तर उत्तर मिळालं, "तो वेगळा विषय आहे."

वेगळा कसा? पैसा एकाच तिजोरीतला. शिक्षणावर उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च व्हावा असं कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलं, 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही तेच पुन्हा लिहिलं. बरं, नुसता निर्णय होऊनही भागत नाही. अंशतः अनुदानित शाळांना वाढीव टप्पा द्यायचं ऑक्टोबर 2024 मध्ये ठरलं, पण पैशांची तरतूदच नव्हती. शेवटी जुलै 2025 मध्ये त्या शिक्षकांना भर पावसात आझाद मैदानावर बसावं लागलं. तरतूद मागणं म्हणजे काय, हे शिक्षकांइतकं कुणाला कळतं? मग मावशींसाठी आणि पाण्यासाठी त्यांनी ते मागू नये का? संपात पालक त्यांच्यामागे उभे राहिले नाहीत, याचं कारण मला तरी यातच दिसतं. टपरीवालीला त्या निवेदनात तिचं स्वतःचं असं काहीच दिसलं नाही.

म्हणून आम्ही गटातर्फे एकच अर्ज केला. बाईंची पेन्शन, मावशींचं मानधन, संडासाचं पाणी, तिन्ही एका कागदावर. प्राथमिकच्या बाईंना परिषदेचं मत नसलं तरी विधानसभेचं आपल्या सगळ्यांना आहे, तेव्हा अर्ज घेऊन आमच्या आमदारांकडेच गेलो. बरोबर टपरीवालीही होती, बरं का! साहेबांनी पहिली ओळ वाचली आणि विचारलं, "हे शिक्षकांचं काम तुम्ही कशाला आणलंत?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "साहेब, खालचं पण वाचा."

कागद आता त्यांच्या पीएकडे आहे. दर सोमवारी एकीने फोन करून विचारायचं असं ठरलंय. या सोमवारी माझी पाळी आहे.