गाठीचा रिपोर्ट अर्धा राहू नये

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, की घरच्यांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न असतो, ‘कितवी स्टेज?’ प्रश्न रास्तच आहे. पण तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : ‘हर-टू तपासले का?’ या तपासणीवाचून गाठीचा रिपोर्ट अर्धा राहतो आणि अर्ध्या रिपोर्टवर ठरलेला उपचारही अपुरा पडू शकतो.

हर-टू हे जनुक प्रत्येकाच्या शरीरात असते. त्याची जागा सतराव्या गुणसूत्रावर. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या जनुकाबरहुकूम पेशी एक प्रथिन तयार करते. ते पेशीच्या आवरणावर बसते आणि वाढीचा निरोप आत पोहोचवते. काही गाठींमध्ये मात्र या जनुकाच्या प्रती कितीतरी पटींनी वाढतात. मग आवरणावर या प्रथिनाची गर्दी होते, वाढीचा निरोप थांबतच नाही आणि गाठ झपाट्याने फोफावते. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्के या प्रकारचे असतात. जठराच्या काही कर्करोगांतही हेच दिसते.

अमेरिकेतील डॉ. डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या स्त्रियांच्या गाठीत हे जनुक वाढलेले होते, त्यांचा आजार लवकर उलटत होता आणि त्या कमी जगत होत्या. तेव्हा हर-टू वाढलेले असणे ही निव्वळ वाईट बातमी होती. पण जे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या बाजूला उघडे बसलेले आहे, त्यावर नेम धरता येतो. त्यातूनच ट्रॅस्टुझुमॅब हे औषध तयार झाले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीने हे औषध दिल्यास आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्याने कमी होतो, हे २००५ मध्ये मोठ्या चाचण्यांतून दिसले.

बायोमार्कर म्हणतात तो हाच. तो रोग किती आक्रमक आहे हे सांगतो, आणि कोणते औषध लागू पडेल हेही सांगतो. ज्या गाठीत हर-टू वाढलेले नाही, तिथे ट्रॅस्टुझुमॅब देऊन पैसा जातो आणि हृदयाला विनाकारण धोका पत्करला जातो. या औषधाने हृदयाची ताकद कमी होऊ शकते, म्हणूनच ते चालू असताना ठरावीक काळाने ‘टू-डी एको’ करावा लागतो. उलट, जिथे हर-टू वाढलेले आहे पण तपासलेच नाही, तिथे हाताशी असलेले औषध रुग्णाला मिळत नाही.

तपासणीची रीत सरळ आहे. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे पातळ काप काढतात आणि हर-टू प्रथिन रंगवतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली रंग पाहून शून्य, एक, दोन किंवा तीन अशी श्रेणी देतो. तीन म्हणजे पॉझिटिव्ह. दोन म्हणजे संशयास्पद. तेव्हा ‘फिश’ नावाची तपासणी करून जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात. पूर्वी शून्य आणि एक या दोन्ही श्रेणी ‘निगेटिव्ह’ म्हणून बाजूला पडत. २०२२ पासून पसरलेल्या आजारात थोडेसे हर-टू असलेल्या गाठींवरही एक नवे औषध वापरले जाऊ लागले आहे. त्यामुळे रिपोर्टमधली नेमकी श्रेणीही आता मोलाची झाली आहे.

पण हा निकाल प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी बिघडू शकतो. शरीरातून काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट तरी असावे आणि तुकडा त्यात किमान सहा व जास्तीत जास्त ७२ तास राहावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मोठी गाठ असेल तर तिला काप द्यावे लागतात, नाहीतर फॉर्मॅलिन गाभ्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही. शनिवारी दुपारी काढलेली गाठ सलाइनमध्ये किंवा बोटभर फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सोमवारी पाठवली, तर तोवर तिचा गाभा सडू लागतो. मग सर्वांत महागडे यंत्रही त्यातून खरे उत्तर काढू शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘साधी गाठ आहे’ असे म्हणून काढलेला तुकडा तपासणीला न पाठवणे.

औषध तर हळूहळू आवाक्यात येते आहे. २०१४ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने ट्रॅस्टुझुमॅबची देशी आवृत्ती बाजारात आणली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक यादीत घेतले. भारतात दरवर्षी स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची नोंद होते, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. एवढ्या स्त्रियांसाठी औषध जवळ आले आणि फॉर्मॅलिनची बाटली दूर राहिली, तर उपयोग काय? ही बाटली स्वस्त आहे. प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात ती भरलेली असावी, तिच्यावर तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिलेली असावी आणि नमुना वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत नेण्याची ठरलेली व्यवस्था असावी. यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.

एक गैरसमजही दूर व्हायला हवा. ‘जनुक’ हा शब्द ऐकताच घरातल्या मुलींची चिंता सुरू होते. हर-टूमधला हा बदल आनुवंशिक नसतो. तो त्या गाठीतच घडलेला असतो आणि आईकडून लेकीकडे जात नाही. आनुवंशिक धोका सांगणारी बीआरसीए जनुके वेगळी आणि त्यांची तपासणीही वेगळी.

स्तनात गाठ लागली तर ती थेट कापून काढण्याआधी सुईने बायोप्सी होणार का, तुकडा कशात ठेवणार आणि कधी पाठवणार, हे रुग्णाच्या घरच्यांनी निःसंकोच विचारावे. रिपोर्टमध्ये हर-टूची श्रेणी आहे का ते पाहावे, आणि ती दोन असेल तर ‘फिश’बद्दल विचारावे. दुसऱ्या रुग्णालयात जाताना कागदांबरोबर मेणाचा ठोकळाही मागून न्यावा. पुढे एखादी तपासणी पुन्हा करायची वेळ आली, तर तोच कामी येतो.