येलदरीची वीज आणि कालव्याचे टोक

मराठवाड्यात धरणाची थोरवी बहुधा दोन आकड्यांनी सांगितली जाते: वीज किती आणि सिंचन किती. १९६८ साली पूर्ण झालेले, जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरीचे मातीचे धरण याला अपवाद नाही. उंची ५१ मीटर, लांबी सव्वाचार किलोमीटर, एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर आणि साडेसात मेगावॅटचे तीन वीजसंच. आकडे भरघोस आहेत. परंतु त्यांवरून धरणाचा हिशेब पुरा होत नाही.

येलदरीची योजना मुळात शहाणपणाची आहे. जनित्रे फिरवून सुटलेले पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणात अडते आणि तेथून कालव्यांद्वारे परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतांकडे जाते. एकच पाणी दोनदा राबते. वीज आणि शेती यांच्यात येथे भांडण नाही. भांडण आहे ते कालव्याच्या मुखाशी बारमाही उसाला मिळणारे पाणी आणि टोकाशी गव्हाची शेवटची पाळीही अनिश्चित असणे, या दोहोंत.

हा केवळ न्यायाचा प्रश्न नव्हे, विजेचाही आहे. हजार लिटर पाणी तीस मीटर खाली उतरले तर त्यापासून फार तर ०.०८ युनिट वीज मिळू शकते. कालव्याचे पाणी न पोहोचल्यामुळे टोकाच्या शेतकऱ्याने तेवढेच पाणी साठ मीटर खोल विंधन विहिरीतून उपसले, तर निदान ०.१६ युनिट लागते. पंपातील घट धरता ते ०.३ युनिटांच्या घरात जाते. म्हणजे धरण एका हाताने जी वीज देते, तिच्या तिप्पट-चौपट वीज गळका कालवा दुसऱ्या हाताने काढून घेतो. शिवाय भूजल आटते ते वेगळेच.

उपाय अज्ञात नाही. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याचा कायदा राज्याने २००५ मध्येच केला. संस्था नोंदवणे सोपे असते. तिच्या हद्दीवरचे मोजमाप चालू ठेवणे आणि पाळी टोकापासून सुरू करणे कठीण असते. परंतु नव्या धरणाच्या मानाने त्याला खर्च अत्यल्प लागतो.

भोकरच्या वाचकास हे दूरचे वाटेल. पूर्णेचे कालवे या डोंगरउतारावर येत नाहीत. येथील भिस्त सुधा प्रकल्पासारख्या लहान साठ्यांवर आणि विहिरींवर आहे. वस्तुतः म्हणूनच हा हिशेब भोकरला अधिक लागू पडतो. येथील शेतीला वीज देणारे धरण नाही, पाणी उपसण्यासाठी वीज मात्र लागतेच. तलावातला गाळ काढला, चारी दुरुस्त ठेवली, तर पाण्याबरोबर वीजही वाचते. भोकरसारख्या तालुक्याने नव्या धरणाची मागणी अवश्य करावी. पण असलेल्या पाण्याचा ताळेबंद आधी मागावा.