'म्हणून' लिहिण्याची जबाबदारी

पदव्युत्तर वर्गाचे प्रकल्पनिबंध तपासताना एक गोष्ट वारंवार जाणवते. 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'म्हणून', 'अशा प्रकारे' हे शब्द त्यांत मुबलक असतात. परंतु ते काढून टाकले तरी विवेचनात फारसा फरक पडत नाही. ते वाक्ये जोडीत नाहीत, दोन वाक्यांमध्ये नुसते बसलेले असतात.

उभयान्वयी अव्ययांचे समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक हे प्रकार विद्यार्थ्यांना शाळेपासून पाठ असतात. मात्र प्रत्येक अव्यय हे एक विधानच असते, याकडे आपण अध्यापकांनीही पुरेसे लक्ष वेधलेले नाही. एक उदाहरण घेऊ. १९५६ साली नागपूरला धर्मांतर झाले. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. यांच्यामध्ये 'त्यानंतर' घातले तर केवळ कालक्रम सांगितला जातो. 'म्हणून' घातले की वाङ्मयेतिहासाविषयीचा एक सिद्धान्तच मांडला जातो. मग आंबेडकरी जलशांचे काय, १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने घडविलेल्या पिढीचे काय, या प्रश्नांना उत्तर देणे अभ्यासकास भाग पडते. निबंधात ते उत्तर सहसा नसते. 'म्हणून' तेवढे असते.

हेच विद्यार्थी बोलताना कधी चुकत नाहीत. 'बोरिवलीची जलद गाडी चुकली म्हणून अंधेरीला गाडी बदलली' यातील कार्यकारणभाव निर्दोष आहे. लेखणी हाती घेताच तो का सुटावा? मला वाटते, जोडशब्द हे विद्वत्तेचे अलंकार आहेत अशी समजूत मार्गदर्शिकांनी रुजविली आहे. वस्तुतः मराठीस त्यांची गरज अनेकदा पडतही नाही. 'करून', 'जाऊन' अशी रूपे, 'जो-तो'ची जोडी, शब्दाला चिकटणारे 'च' आणि 'ही' एवढ्यावर वाक्ये एकमेकांना घट्ट धरून राहतात. 'लीळाचरित्रा'तील लहान लहान वाक्यांना पुष्कळदा एक 'मग' पुरतो.

अलीकडे मी तोंडी परीक्षेत निबंधातील एखाद्या 'म्हणून'वर बोट ठेवून, तो कशाच्या आधारावर, एवढेच विचारतो. गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने तेथल्या तेथे तो शब्द खोडून 'त्यानंतर' लिहिले. पुढच्या आठवड्यात ती परत आली, तेव्हा 'म्हणून' पुन्हा जागेवर होता आणि त्याच्यामागे चार नवी पाने होती.