विमानालाच पॅराशूट! पण ओढायचं कधी?

बारावी सायन्स झालं की 'पायलट व्हायचंय' म्हणणारी पोरं-पोरी आता आपल्या आखाडा बाळापूर परिसरातही दिसू लागलीत. जवळचं विमानतळ नांदेडचं, पण शिकायला जायचं तर बारामती, धुळे नाहीतर गोंदिया. आणि बारामती म्हटलं की घरचे ऑक्टोबर २०२३ ची आठवण काढतात. १९ आणि २२ तारखेला, म्हणजे चार दिवसांत, एकाच अकादमीची दोन शिकाऊ विमानं कोसळली. डीजीसीएनं तिथलं प्रशिक्षणच थांबवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात पडलं आणि दोघांचा जीव गेला.

अशी बातमी आली की कट्ट्यावर एक प्रश्न हमखास येतो, 'अख्ख्या विमानालाच पॅराशूट का लावत नाहीत?'

लावतात की! अमेरिकेतल्या 'सिरस' कंपनीच्या छोट्या विमानांत ते १९९० च्या दशकाअखेरपासून कंपनीतूनच बसवून येतं. छताला लाल हँडल असतं. ते जोर लावून ओढलं की छोटं रॉकेट सुटतं, पॅराशूट बाहेर खेचतं आणि विमान माणसांसकट त्याला लटकत खाली येतं. वेग मिनिटाला साधारण १,७०० फूट. म्हणजे एकमजली घराच्या गच्चीवरून पडल्याइतका दणका. तो चाकं अन् सीट बराचसा झेलतात. असे शंभराहून जास्त प्रसंग आहेत.

पण खरी गंमत पुढं आहे. पॅराशूट असूनही सुरुवातीची कित्येक वर्षं सिरसच्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण इतर विमानांपेक्षा फारसं कमी नव्हतं. कारण पायलट हँडल ओढतच नव्हते! 'सांभाळतो मी' म्हणत शेवटपर्यंत झुंजायचे, तोवर उंची संपायची. 'आधी ओढा, मग विचार करा' हे सरावात घोटून घेतलं, तेव्हा २०११ नंतर आकडे खाली आले.

उंचीचं गणित निर्दयी आहे. सरळ उडताना पॅराशूट नीट उघडेपर्यंत ४०० ते ६०० फूट जातात, गिरक्या घेत पडताना हजाराच्या आसपास. टेक-ऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं तर तेवढी उंची हातात नसतेच. शिकाऊ पोरांचा बराच वेळ तर टेक-ऑफ-लँडिंगच्या फेऱ्यांतच जातो.

जुन्या सेसनालाही हे बसवता येतं. पण वजन वाढतं आणि दर दहा वर्षांनी नवी घडी-पॅकिंग करायचा खर्च लाखांत जातो. म्हणून सगळ्यांना सक्ती करा असं मी म्हणणार नाही. नवं विमान घेताना मात्र अकादमीनं हा विचार केलाच पाहिजे. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उडायचं असतं आणि त्यासाठी काही घरांत शेत विकलं जातं. तेव्हा ॲडमिशनआधी बिनधास्त विचारा: विमान किती जुनं, देखभाल कोण करतं, पॅराशूट आहे का, असेल तर किती उंचीच्या खाली ते निकामी?

एक गोष्ट पायलट न होणाऱ्यांसाठीही. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत सेसना शेतात पडलं. एकटीच उडवणारी शिकाऊ पायलट वाचली. विमान पडलं की गावकरी धावणारच, धावायलाही हवं. पण पॅराशूटवाल्या विमानातलं न सुटलेलं रॉकेट अपघातानंतरही सुटू शकतं. बाहेर त्याच्या इशाऱ्याचं स्टिकर असतं. ते दिसलं तर त्या बाजूला उभं राहायचं नाही, पत्रा कापायचा नाही आणि लाल हँडलला हात लावायचा नाही. सेल्फी तर नाहीच नाही.