हत्यारे भाड्याची, कौशल्य स्वतःचे

ज्या वस्तूची किंमत आपण पूर्ण चुकती केली ती उघडून पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. परंतु मोटारसायकलीच्या बाबतीत तो आता तसा राहिलेला नाही. गाडी आपली, नोंदणी आपल्या नावाची, कर्जाचे हप्ते आपण फेडलेले; तरी इंजिनाचा पिवळा दिवा लागला की तो का लागला एवढे कळण्यासाठीही अधिकृत सेवाकेंद्राच्या दारात उभे राहावे लागते. त्या दिव्याची भाषा वाचणारे यंत्र त्यांच्यापाशी असते. मालकीहक्काचा एक तुकडा असा नकळत विक्रेत्याकडेच राहून जातो.

या कोंडीतून वाट काढण्याचा एक व्यवहारी मार्ग जर्मनीत कित्येक वर्षे रूढ आहे. तेथील शहरांत बहुसंख्य लोक भाड्याच्या घरांत राहतात. घराला गॅरेज नाही, आणि रस्त्यावर तेल सांडेल अशी दुरुस्ती करण्यास कायद्याची मनाई. अधिकृत कार्यशाळेत मजुरीचा दर तासाला शंभर युरोंच्या पुढे सहज जातो. म्हणून तेथे भाड्याच्या कार्यशाळा निघाल्या. मोटारसायकल वर उचलणारा स्टँड, रिंगपाने, बॉक्सपाने, पुलर, टॉर्क रेंच, सुटे भाग धुण्याची टाकी, सारे तयार असते. तासाचे भाडे भरावे आणि आपले काम आपण करावे. काही कार्यशाळा खाजगी धंदा म्हणून चालतात, काही मंडळे किंवा युवककेंद्रे चालवितात.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी अशी एक कार्यशाळा पाहिली. शनिवारची सकाळ होती. जर्मनीत मोटारसायकलीची दर दोन वर्षांनी सक्तीची तांत्रिक तपासणी होते. ती जवळ आलेली मंडळी बरीच होती. भिंतीवरील फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगविलेली, म्हणजे कोणते जागेवर नाही हे दुरूनच कळावे. रुग्णालयात परिचारिकेचे काम करणारी एक बाई आपल्या जुन्या गाडीची चेन व स्प्रॉकेट बदलत होती. तेथला वृद्ध उस्ताद जवळ आला, त्याने बोटाने चेनचा ढिलेपणा पाहिला आणि एक शब्दही न बोलता टॉर्क रेंच तिच्या हाती दिला. कोपऱ्यात जुन्या तेलाचे पिंप होते. जर्मनीत नवे तेल विकणाऱ्यावर तितकेच जुने तेल विनामूल्य परत घेण्याचे कायदेशीर बंधन आहे. आपल्याकडे ते कोठे जाते हे कोणत्याही गॅरेजसमोरच्या गटारात डोकावल्यास दिसेल.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक गोष्ट मौजेची वाटते. जर्मनी दुभंगलेली होती तेव्हा ही स्वावलंबी दुरुस्ती दोन्ही बाजूंना चालत होती, पण अगदी उलट कारणांनी. पश्चिमेकडे श्रम महाग म्हणून. पूर्वेकडे सुटे भाग दुर्मिळ आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे रांग म्हणून. ‘आता मीच माझी मदत करतो’ अशा अर्थाची पुस्तकमाला पश्चिमेत निघे, तर ‘मी माझी मदत कशी करू?’ अशा अर्थाची पूर्वेत. पूर्वेच्या सुल शहरात तयार होणाऱ्या सिमसन मोपेड मुळातच मालकाने उघडाव्यात अशा बेताच्या होत्या आणि त्यांतल्या पुष्कळशा आजही धावतात. समाजवादी म्हणविणाऱ्या राज्यात ही विद्या टंचाईच्या पोटी जन्माला आली, हे आपण लपविण्याचे कारण नाही. ‘चेतक’ स्कूटरसाठी नंबर लावून बसलेल्या पिढीला तर ते मुळीच लपविता येणार नाही.

या कल्पनेवर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ग्राहक स्वतःच पाना हाती घेऊ लागला तर मेकॅनिकच्या पोटाचे काय? जर्मनीपुरते उत्तर सोपे आहे. तेथला मेकॅनिक साडेतीन वर्षे पगारी उमेदवारी करून तयार होतो. आठवड्यातून एखाद्या सकाळी कोणी स्वतः चेन बदलली म्हणून त्याची चूल विझत नाही. आपल्याकडे मात्र ज्याला आपण मिस्त्री म्हणतो तो लहानपणी गॅरेजात ‘पोऱ्या’ म्हणून आलेला, चहा आणता आणता टॅपेट लावायला शिकलेला, विमा नाही, निवृत्तिवेतन नाही आणि बहुधा पदपथाखेरीज जागाही नाही. आपला प्रश्न म्हणूनच वेगळ्या टोकापासून मांडावा लागतो. महाराष्ट्रात अशी कार्यशाळा निघालीच तर तिचा पहिला भाडेकरू गाडीचा मालक नसावा, मिस्त्री असावा.

याचे कारण असे की हत्यारांपासून तुटत चालला आहे तो मिस्त्री. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. प्रदूषण घटणे इष्टच होते. त्याविरुद्ध तक्रार नाही. पण जो मिस्त्री जेट साफ करून, कान लावून इंजिनाचा दोष सांगत असे, त्याच्यापुढे आता इंजेक्टर, सेन्सर आणि संगणकाची पेटी येऊन बसली. हॅरी ब्रेव्हरमन हा मूळचा तांबटकाम करणारा कामगार. भांडवलशाही कामातील ज्ञान कामगाराच्या हातून काढून व्यवस्थापनाच्या हाती देते, असे त्याने १९७४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. त्याचे विवेचन कारखान्याविषयी होते. आज ते नाना पेठेतल्या गॅरेजलाही लागू पडते. दोष वाचणारी यंत्रे बाजारात मिळतात, पण मिस्त्रीच्या कमाईच्या मानाने ती महाग, आणि नवी मॉडेले आली की पुन्हा पैसे भरून अद्ययावत करावी लागतात.

ही केवळ तंत्रज्ञानाची अपरिहार्यता नव्हे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग व दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल. प्रकरण चारचाकींचे होते आणि दंड पुढे अपिलांत अडकला. पण कुलूप कोण लावतो हे त्यातून स्पष्ट झाले. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, डिसेंबरात त्याचे पोर्टलही सुरू केले. पोर्टलने माहिती मिळते, बंधन निर्माण होत नाही.

येथे भाड्याच्या कार्यशाळेचे गणित उपयोगी पडते. दोषनिदानाचे यंत्र एका मिस्त्रीला दिवसातून अर्धा तास लागते. उरलेला वेळ ते पडून राहील. हे भांडवल अविभाज्य आहे, पण त्याचा उपयोग विभागता येतो. एकट्या शेतकऱ्याला चरक परवडतो, साखर कारखाना परवडत नाही, याच हिशेबावर विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला. (पुढे अशा कारखान्यांतून कोणाची घराणी उभी राहिली तो वेगळा आणि क्लेशदायक विषय.) आज गावोगावी अवजारे बँका आहेत, पेरणीयंत्र विकत न घेता शेतकरी ते भाड्याने नेतो. मग शहरातल्या मिस्त्रीसाठी हत्यारांची बँक का नसावी?

जागेची सबब सांगितली जाईल. पण तालुक्या-तालुक्याला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांच्या कार्यशाळांत पाण्याची सोय आहे, पक्की फरशी आहे, आणि जेथे दुसरी पाळी भरत नाही तेथे संध्याकाळी कुलूप असते. संध्याकाळी सहा ते नऊ त्या परिसरातील मिस्त्रींना तासाच्या माफक भाड्याने मिळाव्यात, आणि रविवारी गाडीच्या मालकांना. ब्रेकचे काम असेल तर निदेशकाने तपासल्याखेरीज गाडी बाहेर पडू नये. चुकीच्या आवळलेल्या एका बोल्टाने जीव जातो, तेथे स्वावलंबनाचा हट्ट चालत नाही. हत्यार हरवल्यास भरपाई कोणी करायची हा तंटा पहिल्याच महिन्यात उद्भवेल, तेव्हा अनामत आधीच ठरवावी. आणि भाड्याचा दर ठरविणाऱ्या समितीत निम्मे सभासद मिस्त्री असावेत, ही अट पहिल्या निवेदनातच घालावी. एकदा दर ठरून गेल्यावर ती कोणी ऐकून घेणार नाही.